वंशावळीत नसलेलं माहेर

नवापूर तालुक्यातल्या आम्हा कोकणी लोकांना मूळ गाव विचारलं, की जुनी माणसं डांगाच्या डोंगरांकडे हात करतात. त्या डोंगरांपलीकडून, कोकणातून आपण आलो, असं सांगतात. दुर्गादेवीचा दुष्काळ पडला, चौदाव्या शतकाच्या अखेरीस सुरू होऊन बारा वर्षं चालला म्हणतात तो. तेव्हा खालची माणसं घाट चढली, पेठ-सुरगाण्याच्या रानातून डांगात उतरली आणि तिथून पांगत पांगत इकडे आली. इंग्रजी अमदानीत जाती-जमातींवर जे ग्रंथ झाले, त्यांतही ही परंपरा नोंदलेली आहे. पण आमच्या घरात ती कुणी ग्रंथातून घेतली नव्हती. ती थाळीवर ऐकलेली होती. काशाच्या थाळीत मेणाने काडी उभी करायची, तिच्यावरून बोटं खाली ओढायची, त्या घुमणाऱ्या सुरावर रात्रभर कथा चालायची. धान्यदेवी कणसरीची कथा, पृथ्वी कशी झाली त्याची कथा. माझे थोरले काका अशा रात्रींना मांडी घालून पहाटेपर्यंत बसलेले आहेत आणि आज ऐंशी ओलांडल्यावरही घराण्याची पुरुषनावं सात पिढ्यांपर्यंत न अडखळता सांगतात.

काकांच्या सांगण्यात सन नसतात. असतात ते प्रसंग. पणजोबा छपन्नियाच्या दुष्काळात गुरं राखण्याएवढे होते. छपन्निया म्हणजे संवत १९५६, इसवी सन १८९९-१९००. त्याच सुमारास सुरतेकडून ताप्ती व्हॅली रेल्वेचे रूळ आमच्या रानातून अमळनेरकडे गेले आणि चिंचपाड्याला स्टेशन झालं. पणजोबांनी त्या कामावर माती वाहिली. त्यांची पहिली बायको मानमोडीत गेली, म्हणजे १९१८च्या साथीत. आणि आजीचा जन्म देवी आली त्या साली. ही देवी म्हणजे १९२२ची सलाबाई. किनाऱ्याकडून निघून डांग, सोनगड, व्यारा करत ती गावोगाव अंगात येत गेली. दारू-ताडी सोडा, मांस सोडा, रोज आंघोळ करा, दारूचा धंदा करणाऱ्या पारशांच्या कामाला जाऊ नका, असं ती सांगत होती. आदिवासींनी एकमेकांच्या तोंडून चालवलेलं केवढं मोठं आंदोलन! डेव्हिड हार्डिमन या इतिहासकाराने त्यावर अख्खा ग्रंथ लिहिला. आमच्या घरात त्या आंदोलनाचा उपयोग आजीचं वय काढायला होत आला, आणि ते वय बरोबर निघतं.

कागदाची गरज पुतणीच्या प्रवेशाच्या वेळी पडली. आदिवासी मुलाने शिकायचं, नोकरीला लागायचं, तर नुसता जातीचा दाखला पुरत नाही, पडताळणी समितीचं वैधता प्रमाणपत्र लागतं. राष्ट्रपतींचा अनुसूचित जमातींचा आदेश ६ सप्टेंबर १९५०चा, म्हणून पुरावा त्याआधीचा असला तर वजन जास्त. मग सगळं घर कामाला लागतं. जुन्या शाळेचं जनरल रजिस्टर, गाव नमुना चौदाची जन्म-मृत्यूची नोंद, जुने फेरफार, पाहणीपत्रकं. बऱ्याच नोंदी मोडीत, त्या वाचून घ्यायला माणूस शोधायचा. शेवटी या सगळ्याची वंशावळ करून प्रतिज्ञापत्रावर द्यायची.

आमच्यासारख्यांना हे कागद एका जागी मिळत नाहीत. गाव तिथंच राहिलं, पण जिल्हे बदलत गेले. १९०६पर्यंत सगळा खानदेश एक होता, मग पश्चिम खानदेश झाला, त्याचा धुळे झाला, आणि १ जुलै १९९८ला नंदुरबार वेगळा निघाला. १९६०ला दोन राज्यं झाली तेव्हा नवापूर, नंदुरबार, अक्कलकुवा, तळोदा या तालुक्यांतली काही गावं गुजरातेत गेली. नवापूरच्या स्टेशनातून तर राज्याची सीमा जाते, फलाटाचं एक टोक महाराष्ट्रात, दुसरं गुजरातेत. जातीची नोंदही अशीच. आमच्या यादीत कोकणा, कोकणी, कुकणा ही एकच जमात आहे, पण डांगात आमच्याच सोयऱ्यांच्या जुन्या कागदांवर कुणबी लिहिलेलं सापडतं. त्या वेळी गुरुजींनी किंवा तलाठ्याने कानावर पडलं ते लिहिलं. त्या एका शब्दावरून नव्वद वर्षांनी एका मुलीचं शिक्षण अडू शकतं, याचा मला मनापासून राग येतो. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३मध्ये सांगितलं, की चालीरीती, देवदेवता विचारून घेतलेली आप्तभावाची कसोटी हीच काही अंतिम परीक्षा नाही. बरं झालं. आज शहरात वाढलेल्या मुलीला डोंगऱ्यादेवाचे विधी पाठ नसतील, म्हणून ती परकी होत नाही.

आजोबांची शाळेतली नोंद मिळाली. १९२०च्या दशकातलं पान, कडा वाळवीने खाल्लेल्या, पण नाव, बापाचं नाव आणि जात शाबूत. काकांनी तोंडी सांगितलेली पहिली तीन नावं कागदाशी तंतोतंत जुळली. त्या दिवशी काकांनी तो कागद बराच वेळ हातात धरून ठेवला होता. त्यांना अक्षरं लागत नाहीत.

त्याच वर्षी पुतणीच्या वसतिगृहात रक्ततपासणी झाली. आमच्या भागात रक्त तपासायचं म्हणजे सिकलसेलसाठी. आधी एका थेंबाची सोल्युबिलिटी चाचणी, ती सकारात्मक आली तर इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी. पुतणी एएस पॅटर्नची निघाली, म्हणजे वाहक. तिला आजार नाही, पण नवराही वाहक असला, तर प्रत्येक मुलाला आजार होण्याची शक्यता चारात एक. मग भावाची तपासणी झाली, माझी झाली, काकांची झाली. आम्ही तिघेही वाहक.

हा दोष एवढासा आहे. अकराव्या गुणसूत्रावर हिमोग्लोबिनचं एक जनुक असतं. त्यातलं एकच अक्षर बदलतं आणि साखळीतल्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसतं. ऑक्सिजन कमी झाला की रक्तपेशी विळ्यासारखी वाकते. पण ज्याला हा बदल एकाच पालकाकडून मिळाला, त्याला जीवघेण्या मलेरियापासून बरंच संरक्षण मिळतं, हे अँथनी ॲलिसन यांनी १९५४मध्ये दाखवलं. म्हणून हा बदल मलेरियाच्या रानांत टिकला. भिल्ल, मावची, पावरा, कोकणी, सगळ्यांच्या रक्तात तो कमीअधिक आहे. या अक्षराच्या शेजारच्या खुणा पाहिल्या, की त्याचा प्रवासही थोडा कळतो. १९८६च्या एका अभ्यासात दिसलं, की भारतातल्या आणि सौदी अरेबियाच्या पूर्व भागातल्या लोकांमधल्या खुणा एकसारख्या आहेत, आणि आफ्रिकेतल्या वेगळ्या. त्याला अरब-भारतीय प्रकार म्हणतात. आशियात तो स्वतंत्रपणे उपजला की सगळ्या प्रकारांचा उगम आफ्रिकेतच एका मुलात झाला, यावर शास्त्रज्ञ अजून वाद घालतात. चिंचपाड्याच्या एका घरातल्या रक्ताचा धागा अरबस्तानाशी जुळतो, हे ऐकून काका म्हणाले, "म्हणजे आपण कोकणाच्याही आधी कुठून तरी आलोच होतो."

रक्ताने वडीलधाऱ्यांची कथा पडताळून पाहण्याचं महाराष्ट्रातलं मोठं उदाहरण बेने इस्रायलींचं आहे. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, त्यांच्यापासून आपण वाढलो, असं ते पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले. ते तेलाचे घाणे चालवत, शनिवारी काम बंद ठेवत, म्हणून रायगडात शनिवार तेली म्हणून ओळखले जात. २०१६मध्ये त्यांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. मध्यपूर्वेतल्या ज्यूंचा वारसा त्यांच्यात खरोखर आहे, कथा पोकळ नव्हती. पण इथल्या लोकांचा वारसाही तेवढाच ठळक निघाला, आणि तो मुख्यतः आयांकडून आलेला. गलबतातून आलेल्या सात स्त्रियांची आठवण समाजाने जपली. किनाऱ्यावर आधीपासून राहत असलेल्या आया मात्र सांगण्यातून निसटल्या.

हे वाचलं तेव्हा मी आमची वंशावळ परत काढली. प्रतिज्ञापत्रावरच्या त्या कागदात पाच पिढ्या आहेत आणि एकही आजी नाही. पडताळणीला बापाकडचंच नातं लागतं. जुन्या जन्मनोंदीतही बापाचं नाव नि जात असते. काकांच्या सात पिढ्यांतही सगळे पुरुषच. आणि आमच्या तिघांच्या रक्तातला सिकलसेल बहुधा आजीकडून आला आहे, कारण तिच्या भावाच्या नातवंडांत दोघं एसएस, म्हणजे प्रत्यक्ष आजार असलेली आहेत, हिवाळा आला की सांधे धरून विव्हळतात.

आजीचं माहेर तेव्हाच्या नवापूर तालुक्यात होतं. १९६०ला ते गाव सुरत जिल्ह्यात गेलं. पुढे तापीवर उकाईचं धरण झालं आणि १९७२च्या आसपास ते गाव पाण्याखाली गेलं. माणसं पुनर्वसनाच्या वसाहतीत राहायला गेली, ती वसाहत आज तापी जिल्ह्यात आहे. आजी कधी कधी पाण्याकडे बोट दाखवून आपलं शेत कुठं होतं ते सांगायची. आम्ही मुलं होतो, पुढचं काही विचारलं नाही आणि तिनंही सांगितलं नाही.

त्या वसाहतीत आजीच्या भावाची सून अजून आहे, नव्वदीची. काका, पुतणी आणि मी तिच्याकडे गेलो. पुरुषांची नावं तिला दोनच पिढ्या आठवली. पण आजीच्या आईचं माहेर, तिच्या सासूचं माहेर, कुणाच्या लग्नात कोण कुठून वऱ्हाड घेऊन आलं, कुणाला लहानपणी हाडं दुखायचा आजार होता, हे सगळं तिच्याजवळ होतं. पुतणी लिहीत गेली. मग म्हातारीने सहज सांगून टाकलं, की आजीच्या आईची आई आपल्यातली नव्हतीच, ती मावच्यांची. लाकूड तोडायच्या कामावर तिची नि नवऱ्याची गाठ पडली, पंचांनी दंड घेतला नि घरात घेतलं.

काका गप्प झाले. ही गोष्ट त्यांच्या आईने त्यांना कधी सांगितली नव्हती. कोकणातून आलेल्या माणसांच्या घरात, या रानात आमच्याही आधीपासून राहणाऱ्यांची लेक होती. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "तिचं नाव काय होतं?" म्हातारीने नाव सांगितलं, गावही सांगितलं. खांडबाऱ्याकडचं गाव आहे, पाण्यात गेलेलं नाही. काकांनी ते नाव दोनदा घोकलं, जसं ते पुरुषांची नावं घोकत आले तसं.

पुतणीने वहीत दुसरी वंशावळ सुरू केली आहे. तीत प्रत्येक बाईचं नाव, तिचं माहेर आणि ज्यांची तपासणी झाली त्यांच्यापुढे एए, एएस, एसएस. सोयरीक ठरवताना ती दोन्ही घरी दाखवायची, असं तिनं घरात सांगून टाकलंय. भाताची लावणी उरकली की आम्ही खांडबाऱ्याकडे निघणार आहोत. काकांनाही यायचं आहे.