यंत्र विकायला निघालेली कंपनी : मुंबई, बरोज आणि परवान्यांचे दशक

भारतीय सॉफ्टवेअर उद्योगाचा इतिहास सांगताना बहुतेक जण १९९१ पासून सुरुवात करतात. फार मागे गेलेच तर १९८१ आणि पुणे. त्याच्याही आधी मुंबईत एक कंपनी अमेरिकी संगणक भारतात विकण्याचा व्यवसाय करू पाहत होती आणि तो व्यवसाय तिला धडपणे करता येत नव्हता. पुढे घडलेल्या बऱ्याच गोष्टींची मुळे त्या अडचणीत सापडतात.

टाटा सन्सचा एक विभाग म्हणून टीसीएसची सुरुवात १९६८ साली झाली. टाटा इलेक्ट्रिकमधले अभियंते फकीरचंद कोहली यांच्याकडे १९६९ मध्ये तिची सूत्रे आली. आरंभीची कामे आजच्या तरुणाला कदाचित किरकोळ वाटतील : समूहातील कंपन्यांचे हिशेब, सेंट्रल बँकेच्या शाखाशाखांमधील व्यवहारांचा ताळमेळ, मुंबईच्या टेलिफोन निर्देशिकेची जुळणी. भोके पाडलेली कार्डे यंत्रात जायची आणि लांबच लांब कागद बाहेर यायचे. कामाची कमतरता नव्हती. मात्र ज्या यंत्रावर ते करायचे, ते देशात तयार होत नव्हते.

अमेरिकेतील डेट्रॉइटची बरोज ही मूळची हिशेबयंत्रे बनवणारी जुनी कंपनी. साठच्या दशकात संगणकाच्या बाजारात आयबीएमशी टक्कर देणाऱ्या मोजक्या कंपन्यांत तिची गणना होई. सत्तरच्या दशकाच्या आरंभी टीसीएसने तिची भारतातील एजन्सी घेतली. कागदावरचा बेत सरळ होता : ग्राहक शोधायचा, यंत्र मागवायचे, बसवून द्यायचे, देखभालीचे पैसे घ्यायचे. जगभरचे वितरक हेच करतात.

भारतात त्या काळी विक्रेता आणि ग्राहक यांच्यामध्ये दिल्ली बसलेली असे.

संगणक हवा असलेल्या संस्थेला आधी नव्यानेच स्थापन झालेल्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाची तांत्रिक संमती लागे. असे यंत्र देशात बनत नाही, हेही सिद्ध करावे लागे. हैदराबादची सरकारी ईसीआयएल तेव्हा स्वदेशी संगणक घडवण्याच्या खटपटीत होती, त्यामुळे हा प्रश्न नुसता औपचारिक नव्हता. त्यानंतर आयात-निर्यात मुख्य नियंत्रकांचा परवाना, मग परकीय चलनाची मंजुरी आणि शेवटी बंदरावर यंत्राच्या किमतीच्या शंभर टक्क्यांहून अधिक आयात शुल्क. समजा, यंत्र पंचवीस लाखांचे असेल, तर ते गोदीबाहेर येईपर्यंत पन्नास लाखांच्या वर गेलेले असे. देखभालीसाठी लागणारे सुटे भागही बाहेरूनच यायचे, म्हणजे त्यांच्यासाठीही परवाना आलाच.

वितरकाच्या नजरेतून हे पाहिले म्हणजे त्याची खरी जाच कळते. ग्राहकाने होकार दिला, तरी विक्री झाली असे मानता येत नसे. फाईल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर सरकेपर्यंत महिनोन्महिने जात आणि मुंबईहून दिल्लीला हेलपाटे घालणे हा व्यवसायाचाच भाग होऊन बसे. तोपर्यंत परदेशी कंपनीने किंमत बदललेली असायची, नाहीतर नवे मॉडेल बाजारात आणलेले असायचे. यंत्र दुरुस्त करणारे अभियंते मात्र पहिल्या दिवसापासून पगारावर ठेवावे लागत, कारण त्यांच्याशिवाय यंत्र कोणी घेणार नाही. उत्पन्न परवान्याच्या गतीने आणि खर्च महिन्याच्या एक तारखेला, असा तो मेळ होता. त्यातून ग्राहक मूठभरच : काही बँका, काही मोठे कारखाने, काही सरकारी संस्था.

येथे दिल्लीची बाजू ऐकणे आवश्यक आहे. अडाणी बाबू आणि दूरदर्शी उद्योजक ही समाजमाध्यमांवर फार चालणारी गोष्ट अर्धीच खरी आहे.

काळ कोणता होता? १९७२ चा दुष्काळ. महाराष्ट्रात लाखो माणसे खडी फोडण्याच्या आणि पाझर तलावांच्या कामांवर उभी होती. पाठोपाठ १९७३ च्या ऑक्टोबरपासून अवघ्या काही महिन्यांत खनिज तेलाच्या किमती चौपट झाल्या. महागाईचा दर वीस टक्क्यांच्या वर गेला. १९७४ च्या मे महिन्यात रेल्वे कामगारांचा देशव्यापी संप झाला. अर्थव्यवस्था वर्षाला सरासरी साडेतीन टक्क्यांच्या आसपास रेंगाळत होती. हाताशी असलेल्या डॉलरमधून तेल, धान्य आणि खत आणायचे असताना एखाद्या कंपनीचे पगारपत्रक करणाऱ्या यंत्रासाठी ते का द्यावेत, हा प्रश्न खुर्चीत बसलेल्या अधिकाऱ्याला पडला तर तो मूर्खपणा म्हणता येणार नाही.

दुसरे कारण रोजगाराचे. संगणक आला की कारकुनाची नोकरी गेली, ही भीती साठच्या दशकातच आयुर्विमा कर्मचाऱ्यांच्या आंदोलनांतून रस्त्यावर आली होती. या प्रश्नाचा विचार करण्यासाठी केंद्राने १९६९ मध्ये समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते पुण्याच्या गोखले संस्थेतील अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर. नीळकंठ रथ यांच्यासह भारतातील दारिद्र्याचा गाजलेला अभ्यास करणारे तेच दांडेकर. १९७२ मध्ये अहवाल आला. संगणक सरसकट न बसवता गरज पाहून, निवडून बसवावेत, असा त्याचा रोख होता.

तिसरे कारण आयबीएम, आणि तेच सर्वांत बोचरे. या कंपनीने भारतात १४०१ हे यंत्र भाड्याने देण्याचा मोठा व्यवसाय उभारला होता. हे मॉडेल १९५९ चे. अमेरिकेत १९६४ मध्ये तिचीच ३६० ही मालिका जाहीर झाली आणि १४०१ मागे पडले. भारतात मात्र दुरुस्त करून पुन्हा उभी केलेली तीच यंत्रे सत्तरच्या दशकातही भाडे मिळवत राहिली. संसदेच्या लोकलेखा समितीनेही यावर कठोर टीका केली. परदेशी कंपनी जुना माल गळ्यात मारते, हा संशय हवेतला नव्हता. पण त्या संशयातून विणलेल्या जाळ्यात नवे यंत्र आणू पाहणारा देशी वितरकही अडकला, हा त्या धोरणाचा खरा दोष. आयबीएमची यंत्रे देशात आधीच येऊन बसली होती, त्यांचे भाडे चालूच होते. अडले ते नंतर येणाऱ्याचे.

या कोंडीतून एक वाट मात्र सरकारनेच ठेवली होती. सॉफ्टवेअर निर्यात करण्याचे वचन देणाऱ्या संस्थेला संगणक आयात करता येईल, अशी योजना सत्तरच्या दशकाच्या आरंभी निघाली. टीसीएसने तिचा आधार घेतला आणि १९७४ मध्ये बरोज बी-१७२८ हे यंत्र मुंबईत आणले. अट अशी की, यंत्राच्या किमतीच्या दुप्पट परकीय चलन पाच वर्षांत कमवून दाखवायचे.

ही अट घालणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर जागतिक सॉफ्टवेअर बाजाराचे स्वप्न होते, असे मानण्याचे कारण नाही. डॉलर खर्चले तर डॉलर परत आणा, एवढाच तो रोखपालाचा हिशेब. पण त्या हिशेबामुळे वितरकाला ग्राहक देशाबाहेर शोधणे भाग पडले. आणि परदेशातला पहिला मोठा ग्राहक कोण मिळाला? खुद्द बरोज. ज्या कंपनीची यंत्रे विकण्यासाठी करार केला होता, तिलाच आता काम विकायचे होते.

ते काम रुग्णालयांच्या हिशेबप्रणालीचे होते. बरोजच्या एका वर्गातील संगणकांसाठी लिहिलेले कार्यक्रम दुसऱ्या, लहान वर्गातील संगणकांवर चालतील असे बदलून द्यायचे होते. दोन्हींची भाषा कोबोलच, तरी बोली वेगळ्या. बरोजचे स्वतःचे यंत्र हाती नसताना मुंबईतील अभियंत्यांनी हाताशी असलेल्या ब्रिटिश बनावटीच्या आयसीएल १९०३ वर हे काम केले. ओळीमागून ओळ हाताने बदलण्याऐवजी त्यांनी बदल करून देणारा कार्यक्रमच आधी लिहिला. परक्या यंत्रावर बसून अमेरिकी यंत्रासाठी लिहिलेला हा कोड भारतीय सॉफ्टवेअर निर्यातीच्या अगदी पहिल्या मोठ्या कामांत मोडतो. परवान्याच्या प्रतीक्षेचा असाही उपयोग झाला.

सुविधा म्हणावी तर तेव्हा दूरसंचाराची जोडणीच नव्हती. मुंबईत बसून अमेरिकेतील यंत्रावर काम करणे अशक्यप्राय होते. मग माणसेच विमानाने जाऊ लागली. त्यांच्या प्रवासासाठीही रिझर्व्ह बँकेचा पी फॉर्म लागे आणि खर्चाचे डॉलर मोजून मिळत. तरीही यंत्र आत आणण्यापेक्षा माणूस बाहेर पाठवणे सोपे होते. माणसावर आयात शुल्क नव्हते. भारतीय सॉफ्टवेअर उद्योगावर पुढे माणसे पुरवणारा उद्योग अशी जी टीका झाली, तिचे एक मूळ या साध्या व्यवहारात आहे.

टीसीएस एकटी नव्हती. नरेंद्र पटनी यांनी १९७२ मध्ये अमेरिकेत सुरू केलेल्या कंपनीचे माहिती-रूपांतराचे काम पुण्यात चाले. पुढे पटनी कॉम्प्युटर सिस्टिम्सने डेटा जनरलच्या संगणकांची भारतातील एजन्सी घेतली. म्हणजे पुन्हा तोच साचा : एका हाताने अमेरिकी यंत्राचे वितरण, दुसऱ्या हाताने सॉफ्टवेअर. तेथील सॉफ्टवेअर विभागाचे प्रमुख नारायण मूर्ती सहा सहकाऱ्यांसह बाहेर पडले आणि १९८१ मध्ये पुण्यात इन्फोसिसची नोंदणी झाली. एक संगणक आयात करण्यासाठी दिल्लीच्या सुमारे पन्नास फेऱ्या आणि दूरध्वनीसाठी वर्षभराची वाट, हा अनुभव मूर्तींनी पुढे अनेक भाषणांतून सांगितला. टीसीएसच्या पहिल्या यंत्रानंतर सात वर्षे लोटली होती, तरी रांग फारशी हलली नव्हती.

मधल्या काळात परदेशी कंपन्यांचे गणित बदलले होते. १९७४ पासून लागू झालेल्या परकीय चलन नियमन कायद्याने, म्हणजे फेराने, बहुतांश परदेशी कंपन्यांच्या भारतातील मालकीवर चाळीस टक्क्यांची मर्यादा घातली. जनता सरकारच्या काळात, जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री असताना, आयबीएमने ती नाकारली आणि १९७८ मध्ये देश सोडला. तिच्या मागे राहिलेल्या यंत्रांची देखभाल सरकारी सीएमसीकडे आली. बरोजने उलटा मार्ग धरला. टाटांबरोबर भागीदारीत टाटा बरोज ही वेगळी कंपनी निघाली आणि तिने सांताक्रूझच्या सीप्झ या निर्यात क्षेत्रात बस्तान बसवले.

टीसीएसच्या दृष्टीने हा मोठा धक्का होता. एजन्सी गेली आणि तिच्यासोबत सर्वांत मोठा परदेशी ग्राहकही. एका वितरकाच्या आयुष्यात याहून वाईट काय घडू शकते? मूळ कंपनीने स्वतःच दुकान थाटणे, हे वितरणाच्या धंद्यातले जुने दुखणे आहे. ते टाटांच्या घरातच घडले, इतकाच फरक.

१९७९ मध्ये एस. रामदोराई न्यूयॉर्कला गेले आणि टीसीएसचे तेथील कार्यालय सुरू झाले. आता विकायला कोणाचेही यंत्र नव्हते. त्यामुळे कोणत्याही कंपनीच्या यंत्रावर काम करण्यास मोकळीक होती, आणि अमेरिकेतील बँका व विमा कंपन्यांकडे बव्हंशी आयबीएमची यंत्रे होती. जी कंपनी नुकतीच भारतातून निघून गेली, तिच्याच यंत्रांवर मुंबईच्या अभियंत्यांनी आपला बाजार उभा केला.

नोव्हेंबर १९८४ च्या संगणक धोरणाने आयात शुल्क खाली आणले, परवाने सैल केले आणि सॉफ्टवेअरला उद्योग म्हणून मान्यता दिली. तोवर बँकांच्या लेखी तो उद्योगच नसल्याने कर्ज मिळवणे हीसुद्धा एक मोहीम असे. १९८६ मध्ये अमेरिकेत बरोज आणि स्पेरी यांचे एकत्रीकरण होऊन युनिसिस झाली, म्हणून सीप्झमधील टाटा बरोज टाटा युनिसिस झाली. अमेरिकी भागीदार बाहेर पडल्यावर तिचे नाव टाटा इन्फोटेक ठेवण्यात आले. २००६ मध्ये ती टीसीएसमध्ये विलीन झाली.