सावलीच्या वाटेवरील गावे



चंद्र पृथ्वी व सूर्य यांच्यामध्ये आला म्हणजे सूर्यग्रहण होते, हे वाक्य सहावी-सातवीचा विद्यार्थी बिनचूक म्हणून दाखवितो. तथापि वर्गात एखादा मुलगा उठतो आणि विचारतो, "गुरुजी, मग दर अमावास्येला ग्रहण का होत नाही?" येथे पाठांतर संपते. या प्रश्नाचे उत्तर शिक्षकापाशी असण्या-नसण्याने काय फरक पडतो, हे आपल्याच मुलखाच्या इतिहासात पाहता येते.

कलघटगीच्या उत्तरेस सुमारे दीडशे किलोमीटरवर जमखंडी आहे. पटवर्धनांच्या या संस्थानात १८ ऑगस्ट १८६८ रोजी खग्रास ग्रहण पाहण्यास लेफ्टनंट जॉन हर्शेल आले होते. युरेनसचा शोध लावणाऱ्या विल्यम हर्शेल यांचे ते नातू. पावसाळी ढग आड येत होते. तरी त्यांतून मिळालेल्या थोड्या अवधीत त्यांनी सूर्यज्वालेच्या वर्णपटात तेजस्वी रेषा पाहिल्या. त्याच दिवशी गुंटूर येथे फ्रेंच शास्त्रज्ञ जानसेन यांनाही तशाच रेषा दिसल्या. सूर्यज्वाला तप्त वायूच्या असतात, हे त्यावरून सिद्ध झाले. त्यांतील पिवळ्या रेषेच्या अभ्यासातूनच पुढे हेलियमचा शोध लागला.

हा शोध विजयदुर्गावर लॉकयर यांनी लावला, असे कोकणात सांगतात. किल्ल्यात साहेबाचे म्हणून ओटेही दाखवितात. वस्तुतः १८६८ साली लॉकयर इंग्लंडमध्येच होते. तेथूनच त्यांनी ऑक्टोबरमध्ये, ग्रहणावाचून, सूर्यज्वालांचा वर्णपट पाहिला. विजयदुर्गास ते आले ते २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. त्याच ग्रहणात सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधील प्राध्यापक कावसजी नायगमवाला यांनी आपली दुर्बीण लावली होती. म्हणजे तीस वर्षांत आपल्याकडचा अध्यापकही निरीक्षकांच्या रांगेत येऊन उभा राहिला. विजयदुर्गाचा मान यामुळे कमी होत नाही; पण मुलांना साल मात्र खरेच सांगितले पाहिजे.

त्यानंतर १६ फेब्रुवारी १९८० रोजी खग्रास ग्रहणाची सावली अंकोला, कलघटगी, हुबळी, रायचूर या वाटेने गेली. दुपारी साडेतीन उलटल्यावर येथे भर दिवसा अंधारले. हुबळीजवळ होसूर येथे बंगळूरच्या भारतीय खगोल भौतिकी संस्थेचे शास्त्रज्ञ उपकरणे लावून बसले होते. पण देशभर असंख्य घरांची दारे त्या वेळी बंद होती आणि शहरांचे रस्ते ओस पडले होते. अनेकांच्या डोक्यावरून सावली गेली; त्यांनी ती पाहिली नाही.

त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर दोन बांगड्यांनी देता येते. एक बांगडी दुसरीत किंचित तिरपी बसवावी. एक सूर्याचा भासमान मार्ग, दुसरी चंद्राचा. त्यांत सुमारे ५ अंशांचा कोन आहे. त्या दोनच ठिकाणी एकमेकींना छेदतात, आणि त्या छेदनबिंदूंनाच आपल्या ज्योतिषग्रंथांनी राहू व केतू म्हटले आहे. अमावास्येस सूर्य व चंद्र यांपैकी एका बिंदूजवळ असले तरच ग्रहण. एरवी चंद्राची सावली पृथ्वीच्या वरून वा खालून निघून जाते. ग्रहण म्हणजे छायेचा खेळ, हे आर्यभटांनी इ. स. ४९९ मध्येच सांगून ठेवले होते.

दुसरी गोष्टही तितक्याच स्पष्टपणे सांगावी. सूर्याचा लहानसा तुकडाही उघडा असेल तर नुसत्या डोळ्यांनी त्याकडे पाहू नये; पुठ्ठ्याला बारीक छिद्र पाडून कागदावर पडलेली प्रतिमा पाहावी. भीती घालण्यापेक्षा ही रीत शिकविणे सोपे आहे.

२ ऑगस्ट २०२७ रोजी दुपारनंतर आपल्या भागातून खंडग्रास ग्रहण दिसण्याचा योग आहे. दिवस पावसाळ्याचा, तेव्हा ढग असतील. जमखंडीलाही ते होतेच. पुठ्ठा, टाचणी आणि दोन बांगड्या एवढे साहित्य कोणत्याही शाळेला जमविता येईल.