खान, झहीर

(७ ऑक्टोबर १९७८). भारतीय क्रिकेटपटू, डावखुरा वेगवान गोलंदाज. जन्म श्रीरामपूर (अहिल्यानगर जिल्हा) येथे. इंजिनिअरिंग शिकण्यासाठी मुंबई गाठलेला हा मुलगा क्रिकेटकडे वळला आणि चेन्नईच्या एमआरएफ पेस फाउंडेशनमध्ये घडला. २०००-०१ च्या रणजी अंतिम सामन्यात बडोद्याच्या विजयात त्याचा मोठा वाटा होता. कसोटी पदार्पण नोव्हेंबर २००० मध्ये ढाक्यात.

खरी कलाटणी २००६ मधली. भारतीय संघातून वगळल्यावर तो वूस्टरशर कौंटीकडून खेळला. गोलंदाजीपूर्वीची धाव (रन-अप) आखूड करून त्याने वेगापेक्षा स्विंगवर भर दिला. पुढच्याच वर्षी ट्रेंट ब्रिज कसोटीत त्याने ९ बळी घेतले. इंग्लंडमध्ये भारताने १९८६ नंतर प्रथमच मालिका जिंकली. जुना चेंडू दोन्ही बाजूंना वळवण्यात त्याच्या तोडीचा भारतीय डावखुरा गोलंदाज झालेला नाही.

२००३ च्या विश्वचषक अंतिम सामन्यात त्याच्या पहिल्याच षटकात १५ धावा गेल्या होत्या. २०११ च्या अंतिम सामन्यात मात्र वानखेडेवर त्याची पहिली ५ षटके अशी पडली : ३ निर्धाव, ६ धावा, १ बळी. त्या स्पर्धेत त्याने २१ बळी मिळवले. शाहिद आफ्रिदीसह सर्वाधिक. ९२ कसोटींत ३११ बळी. निवृत्ती २०१५, पद्मश्री २०२०.