दोन तारांचा निवाडा

जुलै १८२० मध्ये कोपनहेगनच्या अर्स्टेड यांनी विद्युत्प्रवाहामुळे चुंबकसूची वळते, हे जाहीर केले. ही वार्ता सप्टेंबरात पॅरिसच्या विज्ञान अकादमीत पोहोचली आणि त्याच महिन्यात आंद्रे-मारी अँपिअर यांनी चुंबक बाजूला ठेवून दोन समांतर तारा समोरासमोर आणल्या. प्रवाह एकाच दिशेने वाहत असता तारा एकमेकींकडे ओढल्या गेल्या. एकीतील दिशा उलटताच दूर सरल्या.

यात नवे ते काय, असा आक्षेप निघाला. दोन्ही तारा चुंबकावर बल लावतात, तर परस्परांवरही लावणारच! तेव्हा आरागो यांनी खिशातून दोन लोखंडी किल्ल्या काढल्या, असे सांगतात. चुंबक आणि किल्ली एकमेकांना ओढतात. म्हणून दोन किल्ल्याही एकमेकींना ओढतात काय? तर्काला उघड वाटणारी गोष्टही प्रयोगानेच ठरवावी लागते.

पुढे १९४८ साली अँपिअर या एककाची व्याख्या याच बलावर बेतली गेली. निर्वातात एक मीटर अंतरावरील, अनंत लांबीच्या व नगण्य जाडीच्या दोन तारांतून तेवढा प्रवाह वाहिल्यास दर मीटर लांबीवर न्यूटनचा ५०,००,००० वा भाग इतके बल. अशा तारा कोणी पाहिल्या नव्हत्या. आकडा मात्र ठरावाने अचूक झाला. २० मे २०१९ पासून ही व्याख्या मूलभूत विद्युत्भारावर आधारलेली आहे. तारांमधले बल आता पुन्हा मोजूनच जाणायचे आहे. अँपिअर यांचा यात उपमर्द झाला, असे आम्हांस वाटत नाही. त्यांचा प्रश्न प्रयोगाकडे परत आला, इतकेच.