जाहिराती : तिकडच्या, इकडच्या आणि मधल्या



कोजागिरीचा कार्यक्रम संपल्यावर मसाला दूध पिता पिता गप्पा निघाल्या त्या टीव्हीवरच्या जाहिरातींच्या. एका वहिनींनी सहज निरमा पावडरच्या जाहिरातीची चाल गुणगुणली आणि अर्ध्या हॉलने ती पुरी केली. आमची मुले मात्र एकमेकांकडे बघत राहिली. मग त्यांनी त्यांच्या लहानपणीच्या जाहिराती सांगायला सुरुवात केली, तेव्हा बघत राहायची पाळी आमची होती. एकाच घरात, एकाच सोफ्यावर बसून आम्ही निरनिराळ्या जाहिराती पाहिल्या होत्या! म्हटले, हा इतिहास एकदा नीट लिहून काढावा.

आमच्यापैकी बरेच जण साठ-सत्तरच्या दशकांत इकडे आले. दिल्लीत टीव्ही १५ सप्टेंबर १९५९ रोजी सुरू झाला होता, पण मुंबई केंद्र सुरू व्हायला २ ऑक्टोबर १९७२ उजाडावा लागला. म्हणजे आमच्यातल्या अनेकांनी टीव्ही असा पहिल्यांदा पाहिला तो हाउन्सलोतच, भाड्याच्या खोलीत, घरमालकाच्या मेहेरबानीने. तोवर जाहिरात म्हणजे थिएटरात पिक्चरआधी दाखवतात ती, नाहीतर रेडिओवरची. रेडिओ सिलोनवर १९५२ पासून अमीन सायानींची 'बिनाका गीतमाला' लागे, ती टूथपेस्टच्याच नावाने. विविध भारतीवर जाहिराती १९६७ मध्ये सुरू झाल्या, त्याही आधी मुंबई, पुणे आणि नागपूर येथे. आणि मासिकांत लक्सच्या साबणाबरोबर नट्यांचे फोटो असत. त्यातली पहिली भारतीय नटी आपल्या लीला चिटणीस, साल १९४१.

इकडे आल्यावर पहिले आश्चर्य हे की बीबीसीवर जाहिराती नाहीतच. त्याऐवजी दरवर्षी लायसन्सचे पैसे भरायचे. जाहिराती आल्या त्या आयटीव्हीवर, २२ सप्टेंबर १९५५ रोजी. पहिली जाहिरात गिब्ज एसआर या टूथपेस्टची. पण त्याआधी इथे मोठा वाद झाला होता. अमेरिकेत १ जुलै १९४१ रोजी घड्याळाच्या जाहिरातीने सुरुवात झाली आणि पुढे साबणवाल्या कंपन्या स्वतःच मालिका काढू लागल्या. १९५३ साली राणीच्या राज्याभिषेकाचे चित्रण तिकडे दाखवताना मध्येच जाहिराती आणि एका कार्यक्रमातला चिंपांझी घुसडला गेला, तेव्हा ब्रिटिश खासदार भलतेच खवळले. म्हणून १९५४ च्या कायद्याने ठरवले की जाहिरातदाराने कार्यक्रमात लुडबूड करायची नाही. जाहिराती वेगळ्या दिसल्या पाहिजेत आणि त्यांना तासाला सरासरी सहा मिनिटेच मिळतील, असा नियम झाला. गंमत अशी की १९५६ मध्ये पीजी टिप्स चहाच्या जाहिरातीत चिंपांझीच चहा पिऊ लागले आणि २००२ पर्यंत ते लोकांना हसवत राहिले. खासदारांना शेवटी चिंपांझी चुकला नाही तो नाहीच!

सिगारेटच्या जाहिराती इथल्या टीव्हीवरून १ ऑगस्ट १९६५ रोजी गेल्या. सिगारच्या मात्र १९९१ पर्यंत चालू होत्या. हॅम्लेटच्या जाहिरातीतली बाखची धून आमच्या कानांत इतकी बसली आहे की ती खरी कुठली, हे आम्हांला फार उशिरा कळले.

पण हाउन्सलोकरांसाठी यात एक घरगुती गोष्ट आहे. टीव्हीवर दिसणाऱ्या कितीतरी वस्तू आपल्याच ग्रेट वेस्ट रोडवर तयार होत. जिलेटचा घड्याळाच्या मनोऱ्याचा कारखाना १९३७ चा. पलीकडे ब्रेंटफर्डला मॅक्लीन्स टूथपेस्ट, स्मिथ्सचे क्रिस्प्स, फायरस्टोनचे टायर. आमच्यातल्या काहींनी त्या रस्त्यावर पाळ्या केल्या आहेत. दिवसा पट्ट्यावरून सरकताना पाहिलेली वस्तू संध्याकाळी टीव्हीवर एखादी गोरी बाई हसत हसत हातात घेई. ती बाई आमच्या घरासारख्या घरात कधीच नसे, पण वस्तू आमच्या हातची असे. एम-फोरवरून जाताना दिसणारी ल्युकोझेडची निऑनची बाटली आठवते ना? आपण ते पेय आजाऱ्याला भेटायला जाताना न्यायचो, कारण जाहिरात तसेच सांगायची. १९८३ साली कंपनीने धावपटू डेली टॉम्प्सनला पुढे केले आणि आजाऱ्याचे पेय एकदम खेळाडूंचे झाले. ती पाटी २००४ मध्ये उतरवली. फायरस्टोनची इमारत १९८० मध्येच पाडली गेली होती. जिलेटचे उत्पादन २००६ मध्ये थांबले. मनोरा तेवढा उभा आहे.

आता तिकडे वळू. दूरदर्शनने जाहिराती घ्यायला सुरुवात केली १ जानेवारी १९७६ पासून. १९८२ च्या एशियाडला रंग आला, आणि १९८४ साली 'हम लोग' ही मालिका मॅगी नूडल्सच्या प्रायोजकत्वाने सुरू झाली. दोन मिनिटांत होणारा पदार्थ आपल्या स्वयंपाकघरांत शिरला तो असा. 'ये जो है जिंदगी' ही मालिका विकोने प्रायोजित केली. हा तर आपलाच उद्योग, १९५२ साली केशव विष्णु पेंढरकरांनी परळमध्ये सुरू केलेला. अहमदाबादच्या करसनभाई पटेलांच्या स्वस्त निरम्याला उत्तर म्हणून सर्फने ललिताजी आणल्या. स्वस्त घेणे वेगळे आणि चांगले घेणे वेगळे, असे ठणकावून सांगणारी ती गृहिणी रंगवली कविता चौधरी यांनी आणि तिची कल्पना ॲलिक पदमसी यांची. १९८९ साली पुण्याच्या बजाजने स्कूटरच्या जाहिरातीतून साऱ्या देशाला आपलेसे केले.

हे सगळे घडताना आम्ही इथे होतो! दर तीन-चार वर्षांनी सुट्टीत गेलो की भाचरे नव्या चाली म्हणून दाखवत. आम्ही पाहुण्यासारखे हसत असू. उरलेला भारत व्हिडिओ कॅसेटवरून कळे. भाड्याच्या कॅसेटवर पिक्चरच्या तळाशी जाहिरातींची पट्टी सरकत असे, अगदी नायिका रडत असली तरी. १९९० मध्ये बीबीसी टू वर 'महाभारत' लागले, तेव्हा दूरदर्शनवर त्याच्या आधी असते ती जाहिरातींची लांब रांग इथे नव्हती. मुले खूश झाली. आम्हांला मात्र काहीतरी चुकल्यासारखे वाटले. ती रांग संपण्याच्या आत सगळ्यांनी आंघोळी उरकून बसायचे, हा तिकडच्या रविवारचा भाग होता म्हणे, आणि तो आमच्या वाट्याला आला नाही.

तिसरा प्रकार मधल्या जाहिरातींचा. बीबीसीचा 'नई जिंदगी नया जीवन' हा रविवार सकाळचा कार्यक्रम १९६८ पासून होता, पण तोही जाहिरातींविना. १९८९ मध्ये स्काय सुरू झाले, तेही आपल्या ऑस्टर्लीतून. १९९२ मध्ये टीव्ही एशिया आले आणि १९९५ मध्ये त्याच्या जागी झी. घराघरांवर तबकड्या लागल्या. तिथल्या जाहिराती ना इथल्या होत्या, ना तिथल्या. भारतात फोन करायची कार्डे, पैसे पाठवायच्या कंपन्या, विमानाची तिकिटे, बासमती तांदूळ, सोन्याचे दागिने, व्हिसाचे वकील. आम्हांला प्रथमच वाटले की जाहिरातवाल्याला आम्ही दिसलो. पण कसे दिसलो? सदा घरी फोन करणारे, सदा पैसे पाठवणारे. ते खोटे नव्हते, पण तेवढेच खरे नव्हते.

त्याच चॅनेलवर एके दिवशी गोरेपणाच्या कुठल्याशा क्रीमची जाहिरात लागली. सावळी मुलगी, नोकरी नाही, लग्न नाही, मग क्रीम, मग सगळे. आमची दहा वर्षांची मुलगी शेजारी बसली होती. त्याआधीच्या ब्रेकमध्ये आयटीव्हीवर तिने गोऱ्या बायका उन्हात पडून काळवंडण्यासाठी तेल लावताना पाहिल्या होत्या. तिने विचारले, "मग मी कुठल्या टीव्हीवर बरोबर आहे?" आम्ही चॅनेल बदलले. उत्तर दिले नाही. ते आजवर सलते.

पुढे तिकडेही आवाज उठला. महिला संघटनांनी तक्रारी केल्या. २०१४ साली जाहिरात क्षेत्राच्या भारतीय मानक परिषदेने सावळा रंग कमीपणाचा दाखवू नये असा नियम केला, आणि १९७५ पासून चालत आलेल्या 'फेअर अँड लव्हली'च्या नावातून २०२० मध्ये 'फेअर' हा शब्द गेला. मुलगी तोवर तिशी ओलांडून गेली होती.

जगात इतरत्र काय? इटलीत १९५७ ते १९७७ जाहिराती 'कारोसेल्लो' नावाच्या छोट्या कार्यक्रमातच असत, आणि तो संपला की मुलांनी झोपायचे असा घरोघरी रिवाज होता. जर्मनीच्या सार्वजनिक वाहिन्यांवर रात्री आठनंतर आणि रविवारी जाहिराती नाहीत. स्वीडनने १९९१ मध्ये बारा वर्षांखालच्या मुलांना उद्देशून जाहिराती करायला बंदी केली. पण लंडनहून स्वीडिश भाषेत प्रक्षेपण करणाऱ्या वाहिनीला ती लागू होईना, आणि १९९७ मध्ये युरोपीय न्यायालयानेही तसेच सांगितले. आकाशातून येणाऱ्या जाहिरातीला कस्टम्स नाही! आणि न्यू जर्सीच्या नातेवाइकांकडे गेलो तर डॉक्टरने लिहून द्यायच्या औषधांच्या जाहिराती, त्याही दुष्परिणामांच्या लांबलचक यादीसह. इथे त्यांना परवानगी नाही, तिथे १९९७ पासून त्यांचा पूर आला आहे.

एवढे सगळे पाहिल्यावर आम्हांला वाटते ते असे. जाहिरात वस्तूबद्दल थोडेच सांगते. समोर कोण बसले आहे, याबद्दल ती जास्त सांगते. इकडच्या जाहिरातींना आम्ही बराच काळ दिसलोच नाही. तिकडच्यांनी आम्हांला गेलेले धरले. मधल्यांनी आम्हांला पाकीट धरले. मुलांना आम्ही गणपती-दिवाळी शिकवली, पण त्या तीन मिनिटांत त्यांच्याशी कोण काय बोलते आहे, हे कधी विचारले नाही. आता नातवंडांच्या हातांतल्या फोनवर प्रत्येकाला वेगळी जाहिरात दिसते आणि शेजारी बसूनही ती आपल्याला दिसत नाही. निदान एवढे तरी करू या : त्यांना विचारू, "काय दाखवताहेत रे तुला?"

ज्यांच्याकडे जुन्या कॅसेट शिल्लक असतील त्यांनी त्या पुढच्या कार्यक्रमाला जरूर आणाव्यात. प्लेअरची सोय आम्ही करू. लेखात चूकभूल द्यावी घ्यावी, आणि आपल्या आठवणी कागदाच्या एकाच बाजूला, सुवाच्य अक्षरात लिहून पाठवाव्यात, ही विनंती.