दुःख कागदावर उतरवण्याची विद्या

तक्रार करणाऱ्याची भाषा एक आणि ती लिहून घेणाऱ्याची भाषा दुसरी, हा प्रकार आम्हा गोवेकरांना नवा नाही. पोर्तुगीज आमदानीत माणूस आपले गाऱ्हाणे कोकणीत सांगायचा आणि कोर्टाचा कागद तयार व्हायचा पोर्तुगीजमध्ये. मधल्या माणसाने काय ठेवले, काय गाळले, हे गाऱ्हाणे सांगणाऱ्याला कळायला मार्ग नसे. निकाल मात्र त्या कागदावरच लागायचा. जुन्या पिढीतल्या माणसांच्या बोलण्यात या मधल्या माणसाविषयी जो धाक आणि जो संशय दिसायचा, त्याचे मूळ इथे आहे.

हे आठवायचे कारण म्हणजे मध्य प्रदेशातला बालाघाट जिल्हा. (बीड-अहिल्यानगरकडची बालाघाटची डोंगररांग ती ही नव्हे.) आपल्या गोंदियाला लागून, वैनगंगेच्या काठी वसलेला हा जिल्हा १८६७ साली भंडारा, सिवनी आणि मंडला या जिल्ह्यांचे भाग तोडून इंग्रजांनी तयार केला. जुन्या मध्य प्रांतात तो नागपूर विभागात मोडत असे. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा नागपूर आणि भंडारा मुंबई राज्यात आले, बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. त्यामुळे खालच्या सपाटीवर मराठी आणि पोवारी, वर बैहरच्या पठारावर गोंडी आणि बैगांची बोली, आणि सगळ्यांवर कचेरीची हिंदी, अशी तिथली भाषांची उतरंड आहे. २०११च्या जनगणनेत हजार पुरुषांमागे १०२१ स्त्रिया नोंदवणारा हा जिल्हा या बाबतीत मध्य प्रदेशात पहिला होता. तांदूळ, मँगनीज, मलाजखंडचे तांबे आणि दाट जंगल ही त्याची बाकीची ओळख.

आता या जिल्ह्यातल्या एका नोकरीविषयी. दिल्लीच्या निर्भया प्रकरणानंतर केंद्र सरकारने २०१५ साली 'सखी' वन स्टॉप सेंटरची योजना आणली. मध्य प्रदेश त्याच्या एक पाऊल पुढेच होता, कारण २०१४ साली भोपाळच्या जयप्रकाश रुग्णालयात 'गौरवी' नावाचे असे केंद्र सुरू झाले होते. पुढे बालाघाटसकट जिल्ह्याजिल्ह्यांत ही केंद्रे आली. मार खाल्लेली, घराबाहेर काढलेली, अत्याचार झालेली बाई इथे आली की वैद्यकीय मदत, पोलीस, वकील, समुपदेशन आणि काही दिवसांचा निवारा या पाच गोष्टी तिला एका छपराखाली मिळाव्यात, अशी ही कल्पना. या केंद्रात 'केस वर्कर' नावाचे एक पद असते. बाईची हकीकत ऐकायची, ती लिहायची, तिला आधी डॉक्टर हवा की पोलीस हे ठरवायचे आणि प्रकरण मार्गी लागेपर्यंत तिचा माग सोडायचा नाही, हे तिचे काम. अमेरिकेत याच कामाच्या मोठ्या रूपाला केस मॅनेजर म्हणतात. मराठीतल्या समाजकार्याच्या पुस्तकांत 'व्यक्तिसहाय्य कार्य' असा शब्द आहे.

ही विद्या आली कुठून आणि ती शिकवतात कुठे, हा इतिहास मोठा रंजक आहे.

दानधर्म आपल्याला नवा नव्हता. गोव्यातच पाहा, सोळाव्या शतकापासून सांता काझा दा मिझेरिकॉर्दिया होती, पुढे प्रोवेदोरिया आली, आणि आपल्या देवळांतून अन्नदान होतेच. पण दान देताना समोरचा माणूस कोण, त्याची अडचण नेमकी कसली, हे पद्धतशीरपणे विचारायचा रिवाज नव्हता. तो आणला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंड-अमेरिकेतल्या दानसंस्थांनी. अमेरिकेतल्या मेरी रिचमंड या बाईंनी १८९७ साली सांगितले की, या कामाला शाळा पाहिजे. दुसऱ्याच वर्षी न्यूयॉर्कला उन्हाळी वर्ग सुरू झाला. १९१७ साली त्यांचा 'सोशल डायग्नोसिस' हा ग्रंथ आला. त्यातली मुख्य गोष्ट आजही जुनी झालेली नाही. माणसाने काय सांगितले, शेजाऱ्याने काय सांगितले, आपण डोळ्यांनी काय पाहिले आणि आपण नुसते काय ताडले, या चार गोष्टी वेगळ्या ठेवायच्या. वैद्य रोगनिदान करतो तसे हे निदान.

आपल्याकडे मुंबईच्या सोशल सर्व्हिस लीगने, म्हणजे ना. म. जोशींच्या संस्थेने, १९२०च्या सुमारास कार्यकर्त्यांसाठी छोटा अभ्यासक्रम चालवला. पण पुरी शाळा निघाली ती १९३६ साली. अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅनशार्ट हे पाद्री १९२५ साली मुंबईत आले आणि नागपाड्याच्या गरीब वस्तीत त्यांनी नेबरहूड हाऊस उभे केले. तिथेच टाटांच्या पैशाने 'सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क' सुरू झाले. पहिल्या तुकडीत विद्यार्थी होते वीस. १९४४ साली या शाळेचे नाव टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस झाले आणि १९५४ साली ती देवनारला गेली. वर्गातल्या शिकवणीला वस्तीत, इस्पितळात किंवा कोर्टात प्रत्यक्ष कामाची जोड, अशा धर्तीचे शिक्षण देणारी ही आपल्याकडची पहिली संस्था. १९४६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात पहिली वैद्यकीय समाजसेवक नेमली गेली. १९८४ साली याच संस्थेने मुंबई पोलीस आयुक्तालयात स्त्रिया आणि मुलांसाठी विशेष कक्ष उघडला आणि शिकलेले समाजकार्यकर्ते थेट पोलिसांच्या आवारात बसू लागले. आजच्या सखी केंद्राचे बीज बरेचसे तिथे दिसते.

नागपूरकडची हकीकत वेगळ्या वळणाची आहे. बालविधवा असलेल्या कमलाताई होस्पेट यांनी आधी नर्सिंगचे शिक्षण घेतले आणि १९२१ साली मातृसेवा संघ काढला. म्हणजे सेवा करायची तर आधी तिचे शिक्षण घ्यायचे, हा क्रम त्यांनी स्वतःच्या आयुष्यात घालून दिला. या संघानेच पुढे नागपुरात समाजकार्याचे महाविद्यालय चालवले. मध्य प्रदेशात १९५१ साली इंदूरला स्कूल ऑफ सोशल वर्क निघाले. पण इंदूर राज्याच्या पश्चिम टोकाला आणि बालाघाट अगदी आग्नेयेला. बैहरच्या मुलीला इंदूरपेक्षा नागपूर जवळ, आणि नागपूर परराज्यात. तेव्हा बालाघाटच्या वाट्याला ही शिकलेली मंडळी आली ती क्वचितच.

मग या डोंगरांत असे काम कोणीच केले नाही काय? केले. आणि ते एका मराठी माणसाने केले, ज्याचे नाव आपण जवळजवळ विसरलो आहोत. शामराव हिवाळे हे मराठी ख्रिस्ती कुटुंबातले. पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघात त्यांची गाठ ऑक्सफर्डहून आलेल्या व्हेरियर एल्विनशी पडली. १९३२च्या जानेवारीत दोघे जण मंडला जिल्ह्यातल्या करंजिया गावी जाऊन राहिले. (हे गाव आता दिंडोरी जिल्ह्यात येते.) बालाघाटच्या पठाराला लागूनच हा डोंगराळ मुलूख आहे आणि गोंड-बैगांची वस्ती दोन्हीकडे पसरलेली आहे. एल्विन 'बडा भाई' आणि शामराव 'छोटा भाई'. एल्विनचे 'द बैगा' हे जाडजूड पुस्तक १९३९ साली आले आणि जगभर त्यांचे नाव झाले. तिकडे दवाखाना, शाळा आणि कुष्ठरोग्यांचे घर चालवण्याचा रोजचा भार शामरावांवर होता. लोक आपली भांडणे, नवरा-बायकोचे तंटे, जंगलखात्याचा जाच घेऊन त्यांच्याकडे येत. १९४६ साली प्रधान जमातीवर त्यांनीही एक पुस्तक लिहिले. पुढे एल्विन ईशान्येकडे गेले. शामराव पाटणगडलाच राहिले.

शामरावांपाशी समाजकार्याची पदवी नव्हती. त्यांच्यापाशी होती ती माणसाची बोली, त्याच्या कुळीची माहिती, आणि एकाच गावात वर्षानुवर्षे राहिल्याने आलेला विश्वास. देवनारच्या शाळेपाशी होती निदानाची पद्धत, नोंदींची शिस्त आणि गुप्ततेचा नियम. माझे म्हणणे असे की, आपल्याकडच्या या विद्येचा सारा इतिहास म्हणजे या दोन पोथ्या वेगवेगळ्या कपाटांत राहिल्याचा इतिहास आहे. शहरातली पोथी छापली गेली, तिच्या परीक्षा झाल्या. डोंगरातली पोथी माणसाबरोबर आली आणि माणसाबरोबर गेली.

याचा तोटा कोणाला होतो, ते पाहू. समजा, बैहरच्या पठारावरची एक बाई सखी केंद्रात आली. ती आपल्या बोलीत सांगते आहे. नवऱ्याने मारले हे ती सांगते, पण त्याआधी दिराने जमिनीवरून काय केले, देवऋषाने तिच्यावर काय ठपका ठेवला, हेही सांगते. तिच्या दृष्टीने गोष्ट तिथून सुरू होते. केस वर्करला तिची बोली अर्धीमुर्धी कळते आणि समोरच्या छापील फॉर्ममध्ये हिंदीत रकाने आहेत. कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५च्या कायद्यात घटनेचा अहवाल लिहायचा एक नमुना ठरवून दिला आहे, आणि न्यायाधीशापुढे जातो तो हा कागद. दिराची आणि देवऋषाची गोष्ट त्यात उतरली नाही तर 'पती-पत्नीचा किरकोळ वाद' एवढेच उरते. समजूत घालून तिला परत पाठवले जाते, फाईल बंद होते. त्या बाईला तर मग त्याच घरात, त्याच देवऋषाच्या गावात रात्र काढायची असते. नुसती दयाळू केस वर्कर इथे पुरत नाही. ऐकावे कसे आणि लिहावे कसे, हे तिला कोणीतरी शिकवलेले असावे लागते.

मुलांच्या बाबतीतही हेच. २०१५च्या बालन्याय कायद्याप्रमाणे प्रत्येक मुलाच्या घरची चौकशी करून अहवाल द्यायचा असतो आणि त्याची स्वतंत्र देखभाल योजना आखायची असते. आपल्या गोव्याने २००३ सालीच मुलांसाठी स्वतंत्र कायदा केला आणि वेगळे बालन्यायालय दिले, त्याचा आपल्याला सार्थ अभिमान आहे. पण कायदा कितीही चांगला असो, त्याचे डोळे आणि कान म्हणजे तो अहवाल लिहिणारा माणूस.

सरकारला हे कळलेले नाही असे नाही. सखी केंद्रांतल्या कर्मचाऱ्यांना मनोसामाजिक मदतीचे शिक्षण देण्यासाठी बंगळूरच्या निम्हान्स संस्थेबरोबर २०२२ साली 'स्त्री मनोरक्षा' हा प्रकल्प सुरू झाला. २०२१च्या एका केंद्रीय कायद्याने रुग्णालयातल्या आणि मानसोपचारातल्या समाजकार्यकर्त्यांना आरोग्य-व्यावसायिकांच्या यादीत प्रथमच जागा दिली. पण बालाघाटच्या दृष्टीने मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते ती एक साधी गोष्ट. २०१५ साली मध्य प्रदेश सरकारने चित्रकूटच्या महात्मा गांधी ग्रामोदय विश्वविद्यालयाबरोबर समाजकार्याच्या पदवीचा अभ्यासक्रम थेट विकासखंडांत नेला. हे विश्वविद्यालय १९९१ साली उभे राहिले ते नानाजी देशमुखांच्या पुढाकाराने, म्हणजे आपल्या मराठवाड्यातल्या हिंगोलीकडच्या माणसाच्या. वर्ग रविवारी, तालुक्याच्या गावी. मधे काही काळ खंड पडला, पुढे तो पुन्हा सुरू झाला. बालाघाटमध्ये बैहर, बिरसा, परसवाडा, लांजी असे दहा विकासखंड आहेत. याचा अर्थ असा की, अंगणवाडीत काम करणारी किंवा शेतावर राबणारी गोंड मुलगी इंदूर-नागपूरला न जाता ही पदवी घेऊ शकते. आठवडाभर ती ज्या माणसांत राहते, रविवारी त्यांच्याविषयीच शिकते.

या वर्गांतून सगळे घडेल, अशा भ्रमात राहू नये. रविवारच्या चार तासांत देवनारची शिस्त अंगी बाणत नाही, आणि आपल्याच गावातल्या माणसाचे गुपित पोटात ठेवणे हे परक्या गावापेक्षा कितीतरी अवघड. नात्यागोत्याचा दबाव येतो. केस वर्करची नोकरीही बहुधा कंत्राटी. अनुभव येईपर्यंत ती सोडून जाते आणि नव्या मुलीला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. शिक्षणावर खर्च करायचा आणि शिकलेले माणूस टिकवायचे नाही, हा आतबट्ट्याचा व्यवहार झाला.

तरीही या दोन पोथ्या एका पाटावर येण्याची शक्यता दिसते ती इथेच. त्यासाठी अभ्यासक्रमात एक भर घालावी असे मला वाटते. गोंडी, बैगांची बोली, पोवारी, मराठी यांतून हकीकत ऐकून ती हिंदीत उतरवण्याचा रीतसर सराव असावा. सांगणाऱ्याचे मुख्य शब्द तिच्याच बोलीत लिहावेत, शेजारी अर्थ द्यावा, आणि शेवटी लिहिलेले सगळे तिला तिच्या भाषेत वाचून दाखवावे. मेरी रिचमंडचे चार कप्पे आणि शामरावांचा कान, दोन्ही त्यात येतात. खर्च काही नाही. कागद थोडा जास्त लागेल, वेळही लागेल.

ज्यांच्या आज्या-पणज्यांनी न कळणाऱ्या भाषेतल्या कागदावर अंगठे उठवले, त्या आपल्यासारख्यांना या वाचून दाखवण्याचे मोल वेगळे सांगायला नको.