इंडियागेम्सचा अस्त आणि संगणकावरील सखोल खेळांची भारतीय बाजारपेठ

भारतीय माहिती तंत्रज्ञान उद्योगाच्या इतिहासलेखनात व्हिडिओ गेम या शाखेची दखल क्वचितच घेतली जाते. नवी मुंबईत वाशी येथे कार्यालय असलेल्या इंडियागेम्स या कंपनीची वाटचाल त्या दृष्टीने अभ्यसनीय आहे. विशाल गोंडल यांनी 1999 मध्ये तिची स्थापना केली. त्याच वर्षी कारगिल युद्धाच्या पार्श्वभूमीवर त्यांनी केलेला संगणकावरील खेळ गाजला होता. आरंभ असा संगणकावर झाला असला, तरी कंपनीचा विस्तार झाला तो मोबाइलवर. आणि यास केवळ उद्योजकाची पसंती कारणीभूत नव्हती.

ज्या खेळाचे नियम व विश्व आत्मसात करण्यासच अनेक तास लागतात आणि ज्यात खेळणारा स्वतःचा मार्ग स्वतः शोधतो, अशा सखोल खेळाच्या निर्मितीस दोन-तीन वर्षे भांडवल गुंतवून ठेवावे लागते. त्याची परतफेड मूळ प्रतींच्या विक्रीतून होते. परंतु नव्या शतकाच्या आरंभी भारतात घरगुती संगणकच मुळात महाग होता आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर नक्कल केलेली सीडी मूळ प्रतीच्या किमतीच्या अल्पांशात मिळे. याउलट मोबाइलवरील खेळाचे पैसे प्रीपेड शिल्लकीतून परस्पर वळते होत. बँक खात्याचीही गरज नसे. त्यातील मोठा वाटा दूरसंचार कंपन्या ठेवून घेत, हा भाग वेगळा. नोकियाच्या आरंभीच्या अनेक संचांवर खेळाचा आकार 64 किलोबाइटपर्यंत मर्यादित असे. सीडीची क्षमता याच्या दहा हजार पटींहून अधिक होती. खोलीचा प्रश्न येथेच निकालात निघत होता.

ब्रॉडबँड कंपन्यांमार्फत मासिक शुल्कावर संगणक-खेळ पुरविण्याची सेवाही इंडियागेम्सने सुरू केली. नक्कल आणि पैसे भरण्याची अडचण या दोहोंवर तो विचारपूर्वक योजलेला उपाय होता. मात्र त्यातून स्वदेशी सखोल खेळास मागणी निर्माण झाली नाही.

दरम्यान मालकी बदलत गेली. चीनच्या टॉम ऑनलाइनकडून ती 2007 मध्ये यूटीव्हीकडे आणि यूटीव्हीबरोबर 2012 मध्ये डिस्नेकडे आली. 2016 मध्ये डिस्नेने जगभर कन्सोलवरील खेळांच्या प्रकाशनातून माघार घेतली. त्याच वर्षी भारतातील खेळनिर्मितीही थांबविण्यात आली. हा निर्णय भारतीय ग्राहकाने दिलेला कौल नव्हता, हे लक्षात घेणे आवश्यक आहे.

अमेरिकेतील लुकिंग ग्लास हा स्टुडिओ 2000 मध्ये बंद पडला होता. पण 'थीफ' व 'सिस्टम शॉक 2' हे त्याचे संगणकीय खेळ आजही विकत मिळतात. 'सिस्टम शॉक'ची नवी आवृत्ती 2023 मध्ये निघाली. जुन्या हँडसेटबरोबरच नाहीशा होणाऱ्या खेळांना असे उत्तरायुष्य लाभणे कठीण.

विशेष म्हणजे, स्टीम या ऑनलाइन विक्रीकेंद्रावर रुपयांतील किमती 2015 मध्ये, म्हणजे या अस्ताच्या केवळ वर्षभर आधी आल्या. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने 2017 मध्ये 'राजी'साठी किकस्टार्टरवर लोकवर्गणीचे आवाहन केले, तेव्हा अपेक्षित निधी जमला नाही. अखेर 2020 मध्ये तो खेळ प्रथम निन्टेंडो स्विचवर आणि काही आठवड्यांनंतर संगणकावर उपलब्ध झाला.